'प्रोसेसवाला' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ब्रश, कॉस्टिक आणि बोलण्याची रीत

साखर कारखान्यातल्या इव्हॅपोरेटरच्या (उसाचा रस आटवायची मोठी बंद भांडी; एकेका भांड्याला आम्ही बॉडी म्हणतो, आत ट्यूबा असतात आणि त्यांत क्षारांचा टणक थर, म्हणजे स्केल, बसतो) सफाईवर मी लिहिलेल्या लेखाखाली 'प्रोसेसवाला' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मुद्दे चार आहेत (ब्रश नको, लांब ट्यूबांना तो चालत नाही, स्केल होऊच नये अशी औषधं रसात टाका, लेखात आकडे नाहीत), पण सगळा जोर एका वाक्यावर. ते जसंच्या तसं देतो : "ब्रश मारणं ही अडाणी काळातली पद्धत, त्यात ट्यूबांची वाट लागते, योग्य केमिकल वापरलं तर माणूस बॉडीत उतरवायची गरजच नाही, पण रिटायर्ड मंडळींना आठवणींतून बाहेर यायचं नसतं."

प्रोसेसवाले, आधी तो शेवटचा तुकडा. मी निवृत्त आहे हे खरं, ते मी ब्लॉगच्या माथ्यावरच लिहून ठेवलंय. तुम्ही कोण, कुठल्या कारखान्यात, कुठल्या हुद्द्यावर, हे मात्र कुठेच नाही. टोपणनावाने लिहायला माझी हरकत नाही. पण टोपणनाव घेऊन दुसऱ्याचं वय काढायचं, याला आमच्याकडे शहाणपण म्हणत नाहीत. आणि ज्या काळाला तुम्ही 'अडाणी' म्हणता, त्याच काळात आम्ही पुण्याजवळ मांजरीच्या साखर संस्थेत शिकलो, शिफ्ट केमिस्टपासून सुरुवात केली आणि हंगामात रात्री-अपरात्री बॉडीच्या मॅनहोलशी उभे राहिलो. असो.

आता 'योग्य केमिकल'. कुठलं? नाव तुम्ही दिलेलं नाही, आणि देता येणारही नाही, कारण स्केल ही काही एक वस्तू नव्हे. क्वाडमध्ये, म्हणजे एकापुढे एक चार बॉडी जोडलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये, रस पहिल्या बॉडीत १४-१५ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, ऐवजाचे शेकडा भाग) येतो आणि शेवटच्या बॉडीतून ६० च्या पुढचा सिरप होऊन निघतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पहिल्या बॉडीत कॅल्शियम फॉस्फेट आणि सेंद्रिय चिकटा जास्त. शेवटच्या बॉडीत सिलिका, कॅल्शियम सल्फेट, ऑक्झलेट. त्यात आपल्याकडे सल्फिटेशन, म्हणजे चुना आणि सल्फर डायऑक्साइड, त्यामुळे कॅल्शियम सल्फाइटची भर. मशीनतोडीचा ऊस पाचटासकट येतो, पाचटात सिलिका भरपूर, मातीची ती वेगळीच.

कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, सिलिकेला सोडवतं, चिकटा सैल करतं. सल्फेटला मात्र नुसतं कॉस्टिक काही करत नाही. सोबत सोडा ॲश (धुण्याचा सोडा) लागते, ती सल्फेटचं कार्बोनेट करते, मग ते ॲसिडला विरघळतं. ऑक्झलेटला कॉस्टिक आणि सोडा ॲश दोन्ही पुरत नाहीत, तिथे ॲसिड किंवा ईडीटीए (कॅल्शियमला धरून विरघळवणारं रसायन). आणि हे थर एकावर एक असतात. वरचा सुटल्याशिवाय खालच्याला औषध पोचतच नाही. म्हणून कॉस्टिक उकळायचं, बॉडी धुवायची, थंड होऊ द्यायची आणि मऊ पडून तडकलेलं स्केल ब्रशने काढायचं. ब्रश कॉस्टिकच्या जागी नाही, कॉस्टिकनंतर आहे. लेखात हे दोनदा लिहिलंय. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

एका हंगामात हा प्रयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. कारखान्याचं नाव घेत नाही. नवे साहेब आले, त्यांचंही म्हणणं हेच : ब्रश बंद, फक्त केमिकल. पहिल्या सफाईनंतर सगळे खूश. पुढे व्हॅक्युम ठीक, स्टीम ठीक, तरी सिरपचा ब्रिक्स ६० वरून ५२-५३ वर. पॅनवाले (सिरप उकळून साखरेचे दाणे पाडणारे) बोंब मारायला लागले, कारण उरलेलं पाणी त्यांनाच उडवायचं होतं. शेवटची बॉडी उघडली तेव्हा सुटलेल्या खपल्या पडून निम्म्या ट्यूबा खालून बुजल्या होत्या. मी एक खपली प्रयोगशाळेत नेली. धारेवर तपकिरी, पांढरा, पुन्हा तपकिरी असे थर उघड दिसत होते. पातळ ॲसिडचा थेंब टाकला तर एका बाजूला फेस आला, काडेपेटी ओढल्यासारखा झोंबरा वास आला, म्हणजे सल्फाइट. दुसरी बाजू ढिम्म. त्या ढिम्म बाजूसाठी ब्रश लागला. साहेबांनी नंतर त्यावर चकार शब्द काढला नाही.

ट्यूबांची वाट लागते म्हणता. लागते, चुकीच्या मापाचा कटर (स्केल खरवडायचं हत्यार) पितळी ट्यूबमध्ये घातला तर. पण तुमच्या केमिकलने काय होतं? हायड्रोक्लोरिक ॲसिडचा क्लोराइड एसएस ३०४ च्या (स्टेनलेस स्टीलच्या) ट्यूबला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. इनहिबिटर (धातूला ॲसिडपासून वाचवणारं रसायन) टाकला तरी धुणं नीट झालं नाही तर खड्डे पडतातच. ब्रशचा ओरखडा निदान दिसतो. खड्डा हायड्रॉलिक टेस्टलाच, म्हणजे पाण्याचा दाब देऊन पाहिल्यावरच, कळतो.

माणूस आत उतरू नये, हे म्हणायला छान आहे. आमच्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ (घातक वायू असलेल्या बंद जागेत माणूस उतरवण्याबद्दलचं) मला तोंडपाठ आहे, आणि आत २४ व्होल्टच्या वरचा हँडलॅम्प मी कधी जाऊ दिला नाही. पण ॲसिड म्हणजे सुरक्षित, हे कुणी सांगितलं? सल्फाइटवर ॲसिड पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, लोखंडाला लागलं की हायड्रोजन. त्या वेळी मॅनहोलशी कुणी बिडी पेटवली तर काय होईल, ते प्रतिक्रियेत लिहायचं राहिलं बहुतेक.

फॉलिंग फिल्मच्या (ज्यात रस ट्यूबांच्या आतून पातळ थराने खाली उतरतो, त्या इव्हॅपोरेटरच्या) आठ-दहा मीटर ट्यूबांना ब्रश चालत नाही, हे तुमचं बरोबर. माझा लेख रॉबर्ट बॉडीचा, म्हणजे आखूड ट्यूबांच्या जुन्या धाटणीच्या बॉडीचा, होता आणि शीर्षकात तसं म्हटलेलं नव्हतं, एवढं तुमच्या पारड्यात. स्केल होऊच नये म्हणून रसात टाकायच्या औषधांवर वेगळा लेख लागेल. 'आकडे नाहीत' या तक्रारीवर काय बोलणार, तुमच्या प्रतिक्रियेत तरी एक आकडा होता का?

पुढची प्रतिक्रिया जरूर टाका. सोबत तुमच्या शेवटच्या बॉडीच्या स्केलचा लॅब रिपोर्ट जोडा : सिलिका किती, सल्फेट किती, ऑक्झलेट किती. नुसतं कुठल्या तरी केमिकलचं नाव आलं तर ते काढून टाकीन, इथे जाहिराती छापत नाही.