आरडी आहे म्हणून जगात कुठेही प्रॅक्टिस? नाही हो

‘डाएटिशियनसाठी परदेश खुला’ हा मेसेज काल भाचीने पुढे ढकलला आणि खाली विचारलं, ‘मग मी इंटर्नशिपचं पत्र बदलून घेऊ का?’ तेव्हा हे लिहिणं भाग पडलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) असेल तर वेगळी परीक्षा नाही, डब्ल्यूईएस या परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा अहवाल म्हणजेच मान्यता, प्रशिक्षणाचे 500 तास पुरतात, कमी पडले तर हॉस्पिटलकडून वाढवून घ्या, आणि तोवर न्यूट्रिशनिस्ट म्हणून काम सुरू करा.

आधी आरडीचं उरकू. ही दोन अक्षरं भारत, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन सगळीकडे नावापुढे लागतात, पण देणारी संस्था प्रत्येक देशात वेगळी. एकीची आरडी दुसरीला आपोआप चालत नाही. अमेरिकेत ती सीडीआर ही आहारतज्ज्ञांची नोंदणी करणारी संस्था देते आणि 1 जानेवारी 2024 पासून पदव्युत्तर पदवी असल्याशिवाय तिच्या परीक्षेलाच नव्याने बसता येत नाही. गंमत म्हणजे ती पदवी कुठल्याही विषयातली चालते. म्हणजे न्यूट्रिशनमधली एमएससी समकक्ष ठरली, तरी भागते ती एवढी एकच अट. डायटेटिक्सचे ठरलेले विषय आणि देखरेखीखालचे किमान 1000 तास उरतातच. बऱ्याच राज्यांत वर लायसन्स वेगळं.

डब्ल्यूईएसचा घोळ कुठून आला हे कळण्यासारखं आहे. कॅनडाच्या इमिग्रेशनला पदवीचं मूल्यांकन लागतं, ते डब्ल्यूईएस करून देते, आणि हातात ‘समकक्ष’ लिहिलेला कागद पडला की लोकांना वाटतं काम झालं. तो कागद तुमची पदवी कोणत्या पातळीची एवढंच सांगतो. ऑन्टारिओत परदेशात शिकलेल्यांना त्यानंतर ज्ञान तपासणारी केकॅट, मग कामगिरी तपासणारी पीबीए आणि शेवटी सीडीआरई ही नोंदणीची परीक्षा. म्हणजे हा अहवाल जिन्याची पहिली पायरी, आणि मेसेजवाल्याने तिलाच गच्ची म्हटलंय.

‘तोवर न्यूट्रिशनिस्ट’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे, ‘न्यूट्रिशनिस्ट’ नाही. पण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तेही राखीव! शिवाय ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय स्वतःला डाएटिशियन म्हणवून लोकांना फसवणं हा 2001 च्या हेल्थ प्रोफेशन्स ऑर्डरखाली गुन्हा आहे, आणि हॉस्पिटलातली डाएटिशियनची नोकरी त्या नोंदणीवरच मिळते.

आता तासांचं. 500 हा आकडा हवेतला नाही. आहारतज्ज्ञांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, आयसीडीए, यानेच तो किमान म्हणून ठरवलाय. पण नोंदणी देणाऱ्या नियामकाला तो बांधून ठेवत नाही. अमेरिकेचे 1000 वर आलेच.

आणि ‘वाढवून घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने कधी वॉर्ड पाहिला असेल असं वाटत नाही. नियामक तुमच्या हातच्या कागदावर थांबत नाही, विद्यापीठाला आणि हॉस्पिटलला थेट विचारू शकतो. तारखाही बोलतात: मार्कशीटवर सेमिस्टरची परीक्षा ज्या आठवड्यात, त्याच आठवड्यात पत्रात आयसीयूचे रोज आठ तास. खोटं सांगून मिळवलेली नोंदणी मागाहूनही रद्द होते.

पण समजा पकडलं गेलं नाही. दहा दिवसांहून जास्त जवळपास काहीच न खाल्लेला पेशंट समोर आला. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2006 ची मार्गदर्शिका सांगते की अशा, रिफीडिंगचा (उपाशी शरीराला एकदम जास्त अन्न मिळाल्याने रक्तातले क्षार घसरण्याचा) धोका असलेल्या पेशंटला दिवसाला, किलोमागे, फार तर 10 किलोकॅलरीवर सुरुवात करायची, 4 ते 7 दिवसांत हळूहळू वाढवायचं, आणि थायमिन (जीवनसत्त्व बी1) फीडच्या आधीपासून. 50 किलोच्या माणसाला 500 किलोकॅलरी. आधी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे रिपोर्ट बघायचे. ज्याचे तास कागदावरच भरले तो दयेपोटी पहिल्याच दिवशी 1500 लिहितो, रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदयाची लय बिघडते.

पत्र बदलून घ्यायचंच आहे, पण दुसऱ्या कारणासाठी. ‘सहा महिन्यांची इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ या ओळीचं तपासणाऱ्याने करायचं काय? 26 आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज चार तास, तर 520. सहा दिवस, आठ तास, तर 1248. ओळ तीच. म्हणून लेटरहेडवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभागवार खरे तास (किडनी, आयसीयू, बालरोग, किचन, कम्युनिटी), प्रत्येक विभागात काय केलं (स्क्रीनिंग, आहाराचा इतिहास, फीडचा हिशेब, फाइलमधली नोंद) आणि देखरेख करणाऱ्यांचं नाव, पद, नोंदणी क्रमांक हवा. ड्युटीचं रजिस्टर आणि लॉगबुक असेल तर त्याची साक्षांकित प्रत. सिलॅबस मागवायचा तो तुम्ही शिकलात त्या वर्षाचा. वेबसाइटवर पडलेला नवा जोडला तर विषय मार्कशीटशी जुळत नाहीत आणि फाइल खुलाशासाठी परत येते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा आत्ताच जोडा.

तास खरंच कमी भरले तर कमी लिहा. उरलेले देखरेखीखाली पूर्ण करायचा मार्ग कोणता, हे अर्जाआधीच त्या देशाच्या नियामकाला लेखी विचारा आणि ते उत्तर फाइलला लावा.