वजनाच्या गोळीच्या डबीवर आधी औषधाचं नाव शोधा

वजन कमी करायची गोळी म्हटली की पहिला प्रश्न येतो, किती किलो उतरतं? माझं कळकळीचं म्हणणं आहे की त्याआधी डबी उलटी करून बघा, आत नेमकं कोणतं औषध आहे आणि किती मिलिग्रॅम आहे ते. हे छापलेलं नसेल, तर ती गोळी घरात ठेवूच नका. मग ती मैत्रिणीने दिलेली असो, जिममधून आणलेली असो की कुरियरने आलेली.

कारण "शंभर टक्के आयुर्वेदिक" असं लिहिलेल्या गोळ्यांमध्ये ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली असल्याचं तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे. सगळ्यात जास्त सापडतं ते सिब्युट्रामिन. ते भूक मारतं, पण नाडी आणि रक्तदाबही वाढवतं. हृदयाचा त्रास असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसल्यावर 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झालं, आणि 2011 मध्ये भारतातही बंदी आली. दुसरं सापडतं फिनॉल्फ्थॅलीन. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत टाकल्यावर गुलाबी होणारं तेच रसायन. पूर्वी ते पोट साफ होण्यासाठी देत, पुढे कॅन्सरच्या शंकेमुळे बऱ्याच देशांत औषधांतून काढून टाकलं.

"हर्बल" गोळी सुरू केल्यावर चार-आठ दिवसांत भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, तर त्याला "गुण आला" म्हणू नका. गोळी बंद करा आणि रक्तदाब मोजून घ्या. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी मोठा, कारण सिब्युट्रामिन आणि त्या गोळ्या एकत्र आल्या की जिवावर बेतू शकतं.

"हे काय, आपलं आमसूलच आहे" असं सांगून गार्सिनियाच्या गोळ्याही खपवल्या जातात. गार्सिनिया कंबोजिया हा कोकमाचा दक्षिणेकडचा भाऊबंद, हे खरं. पण आमटीतली दोन आमसुलं वेगळी आणि महिनोन् महिने घेतलेला अर्क वेगळा. या अर्काने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. ग्रीन टीच्या अर्काचंही तेच. कपभर चहाची काळजी नको, जपायचं ते कॅप्सूलला. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, की त्याच दिवशी यकृताची तपासणी करा.

आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी, ऑर्लिस्टॅट, 60 किंवा 120 मिलिग्रॅम. ती भुकेला हात लावत नाही. आतड्यात चरबी पचवणारं एन्झाइम अडवते, त्यामुळे जेवणातली सुमारे 30 टक्के चरबी न पचता बाहेर पडते. जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात घ्यायची. जेवण चुकलं किंवा जेवणात तेल-तूप नव्हतंच, तर तेवढी गोळी सोडायची. पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

इथेच आपल्याकडे गफलत होते ती उपासाच्या दिवशी. उपास म्हणजे हलकं, असं धरून चालतात. साबुदाण्याच्या खिचडीचा हिशेब करून बघा. 30 ग्रॅम दाण्याच्या कुटात जवळपास 14-15 ग्रॅम चरबी, वर चमचाभर तूप म्हणजे आणखी 5, झाली 20. दिवसाला 1500 कॅलरीचा आहार असेल तर चरबी 50 ग्रॅमच्या आत हवी आणि ती तीन जेवणांत वाटलेली हवी, म्हणजे एका वेळी साधारण 16. त्याच्या वर गेलात की न पचलेलं तेल खाली उतरतं. तेलकट शौच, घाईची लागणं, कपड्यांना डाग. हा गोळीचा बिघाड नाही, ताटातलं तेल जास्त झाल्याची खूण आहे.

या चरबीबरोबर अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वंही निघून जातात. म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना, ऑर्लिस्टॅटपासून किमान दोन तास दूर. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची सकाळी सहाला घेतली तर ऑर्लिस्टॅट दहाच्या आत नको, नाश्त्याची मात्रा सोडून दुपारपासून सुरू करा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, फिट्सच्या गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जोराचे जुलाब झाले तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. गरोदर असाल तर ऑर्लिस्टॅट बंद.

बारा आठवड्यांत मूळ वजनाच्या 5 टक्के, म्हणजे 80 किलो असाल तर 4 किलो, उतरलं नाही तर ती तशीच ओढत राहण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा.

वजन उतरवण्यासाठी हल्ली नाव ऐकू येतं त्या सेमाग्लुटाइडची 3 मिलिग्रॅमपासून सुरू होणारी गोळी मधुमेहासाठीची आहे. उपाशीपोटी, अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त पाणी नको, नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. उलट्या थांबेनात किंवा पोटातली कळ पाठीत जायला लागली तर थेट दवाखाना गाठा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना ही गोळी चालू असल्याचं सांगा. मूल हवं असेल तर दोन महिने आधी बंद करा.

थायरॉइड नसताना थायरॉइडची गोळी आणि सूज नसताना लघवीची गोळी कुणी वजनासाठी सुचवली, तर स्पष्ट नाही म्हणा. पहिलीने हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरीने काट्यावर उतरलेले दोन किलो हे निव्वळ पाणी असतं, आणि त्याबरोबर पोटॅशियमही जातं.

त्रास झालाच तर डबी आणि उरलेल्या गोळ्या फेकू नका, डॉक्टरांकडे सोबत न्या. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर करता येते. फोन करताना बॅच नंबर समोर ठेवा.