शाळेच्या गेटपर्यंत गाडी न्यायलाच हवी का?

शाळा भरताना-सुटताना आमच्या रस्त्यावर होणाऱ्या कोंडीचा विषय निघाला की प्रत्येक बैठकीत तेच तीन उपाय पुढे येतात. रस्ता रुंद करा, वाहतूक पोलीस द्या, कॅमेरे लावा. तिन्हींवर टाळ्या पडतात, निवेदनावर सह्या होतात आणि सगळे घरी जातात. मला या तिन्ही उपायांत काही दम वाटत नाही. बैठकीत हे बोलायला गेलं की तिसऱ्या वाक्यालाच कोणीतरी तोडतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

रुंदीकरणापासून सुरुवात करू. साडेपाच-सहा मीटरचा रस्ता कागदावर दोन गाड्यांना पुरतो. साधी कार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, आरसे वेगळेच. दोन्ही कडेला एकेक गाडी लागली की मध्ये जेमतेम दोन मीटर उरतात. त्या दोन मीटरमधूनच येणारी गाडी, जाणारी गाडी, स्कूल व्हॅन, सायकलवरची मुलं आणि पाठीवर दप्तर घेतलेली पोरं, सगळ्यांनी जायचं. म्हणजे रस्ता अरुंद आहे हे अर्धंच खरं. त्याचा बराचसा भाग आपण गाड्या ठेवायला वापरतो. उद्या कुंपणाच्या भिंती मागे सरकवून मीटरभर जागा काढली, तर तिथेही आठवड्याभरात गाड्या उभ्या राहतील.

आणि इथे थोडं कडू बोलायला हवं. दिवसभर उभ्या असणाऱ्या गाड्या पालकांच्या नसतात, आपल्या असतात. सोसायटीत एकीलाच जागा आहे म्हणून दुसरी बाहेर. पालकांच्या नावाने बैठकीत सगळ्यात चढ्या आवाजात बोलणाऱ्यांच्या गाड्यासुद्धा कोपऱ्यावरच लागलेल्या असतात. कोणाच्या ते सांगत नाही, ज्याचं त्याला कळेल.

आता पोलीस. ते आले की सगळं सुरळीत, गेले की पुन्हा तेच. यात त्यांचा दोष नाही, कारण प्रश्न शिस्तीइतकाच गणिताचा आहे. समजा गेटसमोर चार गाड्या थांबतील एवढी जागा आहे आणि शाळा भरण्याआधीच्या पंधरा मिनिटांत साठ गाड्या येतात. ‘दोनच मिनिटं हो’ असं म्हणत प्रत्येक गाडी खरोखरच दोन मिनिटं थांबली, तरी पंधरा मिनिटांत तीस गाड्या मोकळ्या होतात. उरलेल्या तीस रांगेत. एका गाडीला सहा मीटर धरले तर ही रांग 180 मीटरची. प्रत्येकाने अगदी प्रामाणिकपणे दोनच मिनिटं घेतली, कोणी डबल पार्किंग केलं नाही, कोणी उलटं घुसलं नाही, तरीही! शिट्टी वाजवून हे गणित बदलत नाही. गाड्या कमी यायला हव्यात, थांबण्याचा वेळ घटायला हवा, नाहीतर येण्याच्या वेळा विभागल्या जायला हव्यात. लहान आणि मोठ्या वर्गांच्या वेळांत वीस मिनिटांचं अंतर ठेवलं तर शाळेला त्याचा खर्च जवळपास शून्य आहे. तरी हा उपाय सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात सुचवला जातो.

कोंडीचा वैताग मोठ्यांना होतो, पण धोका कोणाला असतो? गाड्या अडकलेल्या असतात तोवर त्यातल्या त्यात बरं. गाडी हलतच नाही, तर आदळणार कुठून? जीव घाबरा होतो तो कोंडी फुटल्यावर. उशीर झालेला पालक, समोर एकदम मोकळा झालेला रस्ता आणि पाय अॅक्सिलरेटरवर. किंवा कोणीतरी वळायला जागा नाही म्हणून गाडी रिव्हर्स घेतो, तेव्हा. परवा बाल्कनीतून पाहत होते. कोपऱ्यावर एक उंच गाडी लागलेली. तिच्या बॉनेटच्या पलीकडून फक्त एक पांढरी रिबीन दिसत होती. रिबीन पुढे आली, थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मुलीला रस्ता दिसत नव्हता म्हणून ती वाकून पाहत होती, आणि समोरून येणाऱ्याला दिसली असेल तर तेवढी रिबीनच.

मुलांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवा, असं म्हणणारे भेटतात. शिकवायलाच हवं, पण त्यालाही मर्यादा आहे. लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांची चाचणी घेतली. ताशी साधारण 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने अंगावर येणारी गाडी जवळ येतेय, हे मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असं त्यात आढळलं. हा मुलांचा हलगर्जीपणा नाही, त्यांची नजर अजून तेवढी तयार झालेली नसते.

वेगाचं गणित तर आणखी क्रूर आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी 30 ने येणारा चालक दचकून ब्रेक दाबतो आणि साधारण 13 मीटरमध्ये थांबतो. ताशी 50 ने येणारा त्याच 13 मीटरपर्यंत पोचतो, तेव्हा त्याचा पाय जेमतेम ब्रेकवर पडत असतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 30 च्या जागी 50 झाले की जवळपास पावणेतीनपट. 5 ते 29 या वयोगटातल्या मृत्यूंचं जगातलं पहिलं कारण रस्ते अपघात आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुठलाही आजार नाही, रस्ता. रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही पादचारी आणि वाहनं एकत्र येतात तिथे कमाल वेग 30 ठेवावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे दोन गतिरोधक मागितले तर ‘गाडी खालून घासते’ अशी तक्रार येते.

कॅमेऱ्यांबद्दल एवढंच, की ते काय झालं ते नंतर दाखवतात.

मग माझं म्हणणं काय? शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास हा रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवा. हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. इटलीतल्या बोल्झानो शहराने 1989 च्या सुमारास हा प्रयोग सुरू केला. पुढे व्हिएन्ना, लंडन, पॅरिस अशा शहरांनी तो उचलला, आणि पॅरिसने तर अनेक शाळांसमोरचे रस्ते कायमचेच बंद केले. लंडनमध्ये अशा काही रस्त्यांवर हवा मोजली, तेव्हा सकाळच्या त्या वेळात नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे गाड्यांच्या धुरातला घातक वायू, 23 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं आढळलं.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: आम्ही राहणाऱ्यांनी बाहेर कसं पडायचं? जिथे हे नीट चालतं तिथे रहिवाशांना परवाना देतात. अॅम्ब्युलन्स, अग्निशमन दल आणि अपंग मूल असलेलं वाहन यांना अडवायचा प्रश्नच नाही. आम्हीही त्या वेळात चालण्याच्या गतीने गाडी काढली तर काही बिघडत नाही.

दुसरा प्रश्न पालकांचा: दप्तर जड, पाऊस, ऑफिसची घाई. दप्तराचं ओझं कमी करायला हवं, ते शाळेने बघावं. घाईचं म्हणाल तर 300 मीटर अंतर मूल रमतगमत चाललं तरी पाच-सहा मिनिटांत कापतं. वर सांगितलेल्या रांगेत गाडीला तेवढ्यात गेटही दिसत नाही. दूरवरून मुलं आणणाऱ्या व्हॅनवाल्यांवर मात्र मी रागावणार नाही. एक व्हॅन आठ-दहा गाड्यांचं काम करते. मुख्य रस्त्याजवळ त्यांना थांबायची हक्काची जागा द्या आणि तिथून मुलांना गटाने, सोबत दोन मोठी माणसं घेऊन चालत न्या. नातवंडांना रोज हाताला धरून शाळेत सोडणारे आजी-आजोबा या कामाला पटकन तयार होतील. बैठकीला त्यांना अजून कोणी बोलावलेलं नाही, हा भाग वेगळा. या रस्त्यावरून रोज चालणारे तेच आहेत.

तिसरा प्रश्न खरा अवघड आहे. इथला त्रास शेजारच्या गल्लीत जाईल का? काही प्रमाणात जाईल, सुरुवातीला तर नक्कीच. अशा प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या 2020 च्या एका ब्रिटिश अभ्यासाचा निष्कर्ष असा, की बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या रस्त्यांच्या सुरक्षिततेवर त्याचा फारसा वाईट परिणाम झाला नाही. पण दुसरीकडे नाही झाला म्हणून शेजारच्या गल्लीने आमच्यावर विश्वास का ठेवावा? त्यांचा माणूस पहिल्या बैठकीपासून सोबत हवा. निर्णय झाल्यावर ‘सहकार्य करा’ असा मेसेज पाठवायचा नाही.

रस्ता बंद करायचा अधिकार आपल्याला नाही, तो प्रशासनाचा आहे. जाकीट घालून, शिट्टी गळ्यात अडकवून कोणी उत्साहाने गाड्या अडवू नयेत, नाहीतर हातघाईवर येईल आणि सगळा विषयच बारगळेल. परवानगी मिळेपर्यंत आपल्या हातात कोपरे आहेत. वळणाआधीचे सहा-सात मीटर मोकळे ठेवले तर चालक आणि मूल एकमेकांना दिसतात. अमेरिकेतल्या होबोकेन शहराने हेच नेटाने केलं, सोबत वेगमर्यादाही उतरवली आणि 2017 पासून पुढची सलग काही वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. आमच्या कोपऱ्यावर काही जणींनी खडूने पट्टे आखून ‘इथे गाडी नको’ लिहिलं. दुपारपर्यंत नेमकी ‘नको’वर स्कूटर उभी. तिथे आता कुंड्या ठेवायच्या की खांब लावायचे, यावर वाद चालू आहे. मी खांबांच्या बाजूने, कारण कुंड्या आठ दिवसांत कुणाच्या तरी बाल्कनीत जातात.

पुढच्या बैठकीत मी एका सत्रापुरती चाचणी मागणार आहे. त्याआधी मोजणी हवी: गेटसमोर किती गाड्या येतात, किती वेळ थांबतात, किती मुलं चालत येतात, आणि शेजारच्या गल्लीत सध्या काय परिस्थिती आहे. बंद केल्यावर पुन्हा तीच मोजणी, त्याच वारांना, त्याच वेळी. गल्लीतले आकडे बिघडले तर प्रयोग थांबवायचा, हे अर्जातच लिहून द्यायला मी तयार आहे. मोजायला सकाळी चार आणि दुपारी चार माणसं लागतील. शाळा सुटतानाच्या वेळेला अजून कोणी मिळालेलं नाही.