हाफ क्लचवाल्यांना उत्तर

हँडब्रेक लावून चढावर गाडी उचलण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, "हँडब्रेक शिकाऊ लोकांसाठी. मी तीस वर्षं हाफ क्लचवर गाडी धरतोय, काही बिघडलं नाही. माझा हँडब्रेक तसाही चढावर धरत नाही. आणि तुमच्या क्रमाने केलं तर गाडी मागेच जाईल." (हाफ क्लच म्हणजे क्लच अर्धवट सोडून, रेस देऊन गाडी चढावर रोखून धरणं.)

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. 'हँडब्रेक सोडा, मग रेस द्या' असं मी लिहून गेलो होतो. क्रम उलटा हवा. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळूहळू वर. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरासं उचललं, की डावा पाय तिथेच रोखायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकीचं मात्र पटलं नाही. या तीस वर्षांत क्लच प्लेटा किती बदलल्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही! हाफ क्लचवर गाडी उभी असते तेव्हा चाकं थांबलेली, इंजिनाची जड चकती, म्हणजे फ्लायव्हील, फिरतंय आणि मधल्या मध्ये क्लच प्लेट घासतेय. गाडी उचलताना दोन सेकंद हे होणारच, क्लच त्याचसाठी असतो. पण घाटातल्या जॅममध्ये दोन सेकंदांनी भागत नाही.

मीही तेच करायचो. पुण्याहून साताऱ्याला जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावाच लागायचा, बोगदा परतीच्या बाजूला होता. एका शनिवारी पुढची रांग गोगलगायीसारखी सरकत होती, मागे ट्रक अगदी बंपरला चिकटलेला. मागे जाईल या भीतीने अर्धा तास गाडी क्लचवरच तोलली. आधी जळका वास आला (तो ट्रकचाच, अशी स्वतःची समजूत घातली), मग रेस वाढली तरी गाडी जागची हलेना. गॅरेजात गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट तापून निळी पडलेली.

नव्या गाड्यांतलं हिल होल्ड (चढावर गाडी आपोआप रोखणारी सोय) ब्रेकवरचा पाय काढल्यावर दोन-तीन सेकंद गाडी धरतं, तेवढंच. जॅममध्ये थांबायला ते उपयोगाचं नाही.

आणि तुमचा हँडब्रेक चढावर धरत नाही, हे तुम्ही फारच सहज लिहिलंय. केबल सैल झाली असेल किंवा मागचे ब्रेक शू झिजले असतील. घाटात जायच्या आधी दाखवून घ्या.