‘कीबोर्डचा हेडफोन फुल ठेवला तरी चालतो’? नाही चालत

कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांमध्ये आणि हौशी वादकांमध्ये व्हॉट्सॲपवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: कीबोर्डच्या हेडफोन जॅकमधून आवाज मुळातच कमी येतो, म्हणून व्हॉल्यूम फुल ठेवायला हरकत नाही. तरीही कमी वाटला तर जास्त ओहमचा (म्हणजे विजेला जास्त विरोध करणारा) स्टुडिओ हेडफोन घ्या किंवा ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावा. कानाची चिंता नको, कान गोंगाटाने जातात, संगीताने नाही. आणि दुखायला लागलं तर कमी करता येतोच.

यातलं ॲम्पचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं कानाला महाग पडणारं आहे, आणि ओहमचं तर खिशालाही.

म्हणून आधी ओहम. ‘जास्त ओहम म्हणजे जास्त दम’ हे बरोबर उलटं आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. एकाच कीबोर्डला, व्हॉल्यूम न हलवता, ३२चा काढून २५०चा लावला तर त्याला जेमतेम आठवा हिस्सा शक्ती मिळते आणि आवाज सुमारे ९ डेसिबलने उतरतो. म्हणजे आवाज वाढावा म्हणून हजारो रुपये मोजायचे आणि तो कमी करून घ्यायचा! २५० ओहमचे हेडफोन वाईट नसतात, पण ते स्टुडिओतल्या दमदार आउटपुटसाठी असतात. घरच्या कीबोर्डला ३२ ते ८० ओहमच्या आसपासचा घ्यावा आणि डब्यावर ओहमच्या शेजारी छापलेला संवेदनशीलतेचा आकडाही वाचावा. एक मिलिवॉटला ९६ डेसिबल आणि १०६ डेसिबल यांत कानाला जवळजवळ दुपटीचा फरक जाणवतो.

आता ‘आवाज मुळातच कमी येतो’ हे. बहुतेक वेळा कीबोर्ड बिचारा पुरेसा आवाज देत असतो, तो वाटेत सांडतो. पहिली संशयित ती कन्व्हर्टर पिन. बऱ्याच कीबोर्डांना मोठा, ६.३५ मिलिमीटरचा जॅक असतो आणि आपल्या हेडफोनची पिन ३.५ची. मधल्या कन्व्हर्टरवर दोन काळ्या रिंगा असतील तर तो स्टिरिओ. एकच असेल तर मोनो, तो वापरू नका. माइकवाला मोबाइलचा इअरफोन लावला असेल तर आणखी गंमत. त्याच्या पिनला तीन रिंगा असतात, आणि काही जॅकांत त्याचं अर्थिंग नीट जुळत नाही. मग दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि पियानो विहिरीतून आल्यासारखा पोकळ ऐकू येतो. इअरफोनवरचं बटण दाबून धरल्यावर आवाज एकदम भरला, तर दोष हाच समजा. पिन पूर्ण आत बसली नसेल तरी असंच होतं.

दुसरी जागा म्हणजे मेन्यू. मुख्य व्हॉल्यूम फुल असतो, पण आतमध्ये व्हॉइसचा (निवडलेल्या वाद्याचा) आणि स्टाइलचा (मागे आपोआप वाजणाऱ्या साथीचा) वेगळा व्हॉल्यूम असतो, तो कधीतरी कुणीतरी खाली आणलेला असतो. टच रिस्पॉन्स, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली की किती आवाज यावा ते ठरवणारी सेटिंग, ‘हार्ड’वर असेल तर हलक्या हाताचं मूल आवाजासाठी पट्ट्या बडवत बसतं. तिथे ‘सॉफ्ट’ करावं. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या काही मॉडेलांत हेडफोनसाठी वेगळा ईक्यूही (इक्वलायझर, आवाजाचा पोत बदलणारी सेटिंग) असतो.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत मोठी, जागा खोलीत असते. डोक्यावर पंखा पाचावर, शेजारच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि कानावर मागून उघडा किंवा सैल बसणारा हेडफोन. बाहेरचा आवाज बुडवायला आपण व्हॉल्यूम चढवतो आणि म्हणतो, कीबोर्डात दम नाही. कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन घेतला तर तोच कीबोर्ड अर्ध्यावर पुरतो. (ब्लूटूथचा मात्र नको. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि लय बिघडते.)

हे सगळं तपासूनही आवाज खरोखरच कमी असेल, हेडफोन जास्त ओहमचा असेल, तर छोटा हेडफोन ॲम्प हा रास्त उपाय आहे. फक्त ॲम्प शून्यावर ठेवून सुरुवात करावी, आणि हेडफोन कानावर चढवायच्या आधी सर्वांत कर्कश व्हॉइसचा एक जोरदार कॉर्ड वाजवून पाहावा.

‘आउटपुट दुबळा, मग धोका कसला?’ या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे. ३२ ओहमच्या आणि मिलिवॉटला १०० डेसिबल देणाऱ्या साध्या इअरफोनला १०० डेसिबल गाठायला ०.१८ व्होल्ट पुरतात. इतकं दुबळा आउटपुटही सहज देतो. नॉबची जागा कानाविषयी काहीच सांगत नाही. एका हेडफोनवर फुल म्हणजे सौम्य, दुसऱ्यावर अर्धं म्हणजे कानठळ्या.

‘संगीताने कान जात नाहीत’ हा तर भाबडेपणा आहे. आतल्या कानातल्या केशपेशींना (आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशींना) यमन आणि जनरेटर यांतला फरक कळत नाही. त्यांच्यापर्यंत ऊर्जा पोचते, आणि त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास, मुलांसाठी ७५ला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला प्रौढाच्या वाट्याला आठवड्याचे ४ तास येतात. रोज तासभर रियाज करणाऱ्याचा कोटा गुरुवारी संपतो. मुलाच्या बाबतीत तेच ८५ला घडतं. एकट्या पियानोचे सूर विरत जातात, त्यामुळे सरासरी थोडी खाली राहते. पण स्टाइलचे ड्रम आणि बेस चालू केले की ती उसंतही गेली.

राहिलं ‘दुखलं तर कमी करा’. कान दुखतो तो साधारण १२० डेसिबलच्या पुढे. नुकसान त्याच्या फार खाली सुरू होतं. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजणं, दडे बसणं, समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं वाटणं, ही खरी खूण. शिवाय ही झीज सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते. ८८ पट्ट्यांच्या पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झची, तर ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची नेहमीच्या सप्तकात २०९३ची. त्यामुळे वादकाला सूर सगळे ऐकू येतात आणि तो निर्धास्त राहतो. बिघाड आधी कळतो तो बोलण्यात: ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटू लागतात. शिट्टी एक-दोन दिवसांत थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्यावी. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी.