झुंबर पेरणीला गेलंय

आमच्या बैठकीतलं झुंबर सध्या पेरणीला गेलंय. हसू नका, मला अजून हसू येत नाहीये.

झुंबर म्हणजे आज्याची तिफण, बैलांमागं चालणारं पेरणीचं अवजार. गोठ्यातून काढली, पॉलिश मारलं, साखळ्यांनी छताला टांगली. वर बी सोडायचं लाकडी चाडं, त्यातून निघालेले तीन पोकळ नळे, खाली तीन फण. ज्या वाटेनं ज्वारी उतरायची त्याच वाटेनं वायर उतरवली आणि फणापाशी एकेक बल्ब. लाकूड वाळकं, म्हणून तापणारे बल्ब नकोत, एलईडीच. शोभेचे बल्ब बहुतेक फिरवून बसवायचे, ई-27 मापाचे. आपल्या घरातले होल्डर पिनवाले. नुसत्या होल्डरपायी दर्यापूरहून अमरावती करावी लागली. फणांची लोखंडी टोकं उरली, त्यांच्या दाराशी खुंट्या केल्या.

मग गल्लीतले काकाजी चहाला आले. बसले, वर पाहिलं, आणि कप तसाच हातात.

"काहून रे, हिले फाशी कायले देल्ली?"

"झुंबर आहे, काकाजी. शोभेचं."

"असं." उठले, स्टुलावर चढले (वय विचारू नका) आणि दिंडावर, म्हणजे तिफणीच्या आडव्या लाकडावर, बोटाच्या पेरानं टकटक केलं. "बाभईची हाये. घट्ट हाये अजून. हा मधला फन म्याच तासला होता, तुह्या आज्यासंग. अन् हे तेल कायचं लावलं?"

"पॉलिश."

"बरं केलं, वाळवी नाई लागनार. बल्ब काढ."

"काय?"

"बल्ब काढ. उद्या वाफसा हाये."

वाफसा म्हणजे पावसानंतर जमीन पेरणीजोगी होणं. मी म्हटलं, काकाजी, ट्रॅक्टर सांगा ना. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मास्तर फळ्यावरचं चुकलेलं गणित पाहताना ठेवतात. "पांदनीत बैल गुडघ्याइतका फसते, अन् तू ट्रॅक्टर सांगतं?"

हे मात्र खरं. पूर्णाकाठची ही काळी, चिकट माती; एक पाऊस पडला की चप्पल ती ठेवून घेते. आमचा शेताकडं जाणारा पांदण रस्ता किती निवडणुकांपासून मंजूर आहे. त्यावर मुरूम पडतो तो फक्त भाषणात. अर्ज दिला की नकाशा मागतात, नकाशा दिला की साहेब बदलून जातात. चांगलं ट्रॅक्टर गावात उभं असताना माणसाला दुसऱ्याच्या छताला लटकलेलं अवजार मागावं लागतं, आणि वर मीच कंजूष ठरतो! शहरातल्या लोकांच्या घरातली झुंबरं कोणी पेरायला नेत नाही.

असो. काकाजींनी दाराशी जाऊन माझी टोपी आणि छत्री उतरवली, खुंट्या उपटल्या, खिशात घातल्या. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं पायली, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, उपडी करून केलेला दिवा होता. किलो-लिटर साठच्या दशकातच देशभर सक्तीचे झाले, पण काकाजींचं बियाणं अजून पायलीतच. पायली उचलली, उलटी केली, वायरीसाठी पाडलेल्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"बुडाले भोक? हे तं मापात पाप झालं बे."

तेवढी एक वस्तू त्यांनी नेली नाही. तिफण मात्र निघाली, आणि माझी बायको, जी त्या झुंबरावरच्या धुळीवरून रोज मला बोलत होती, ती हळद-कुंकू आणि नारळ घेऊन धावली. "असं कसं जाऊ द्यायचं तिला?" माझ्या झुंबराची ओटी भरून पाठवणी झाली! माझ्या होल्डरांना कोणी विचारलं नाही.

मूग छान उतरला म्हणे. ओळी सरळ. गावभर बोभाटा झाला, आणि आता तिफण काकाजींकडून परस्पर पुढच्याकडे जाते. छतातून तीन वायरी लोंबताहेत. पाहुणे विचारतात, काम चालू आहे का?

काल खालच्या वेटाळातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एकाचा फोन आला. आमचा टीपॉय म्हणजे बैलबंडीचं चाक आणि वर काच, हे त्याला कुठून कळलं देव जाणे. त्याच्या बंडीचे आरे निखळलेत.

"दोन दिवसाचं काम हाये, भाऊ. काच तेवढी काढून ठेवजा."