फ्लॅनन दीपगृह: ताटं उष्टी नव्हती, रखवालदार रडत नव्हता

"तीन रखवालदार गायब, टेबलावर अर्धवट जेवण, उलटलेली खुर्ची. दीपगृहाच्या वहीत लिहिलेलं की मुख्य रखवालदार गप्प गप्प होता, मॅकआर्थर रडत होता, सगळे प्रार्थना करत होते. समुद्र शांत होता. बेट शापित!" स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटांबद्दलचा हा मजकूर अधूनमधून कुठल्या तरी ग्रुपवर येऊन पडतोच. मूळ घटना खरी आहे. डिसेंबर 1900 मध्ये जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर नाहीसे झाले, ते कधीच सापडले नाहीत. बाकीचा मसाला मागाहून पडलेला.

आधी जेवण. 26 डिसेंबरला 'हेस्परस' बोटीतून आलेला बदली रखवालदार जोसेफ मूर सर्वांत आधी वर गेला. चूल थंड, घड्याळ बंद. पण दिव्यात तेल भरलेलं, भिंग पुसलेलं आणि स्वयंपाकघरातली भांडी लख्ख. म्हणजे जेवणं उरकून, आवराआवर करूनच माणसं बाहेर पडली होती. टेबलावर तसंच राहिलेलं जेवण आणि उलटी खुर्ची आली ती विल्फ्रिड गिब्सन यांच्या 1912 सालच्या कवितेतून. कवीला ते माफ आहे.

आता वही. खऱ्या नोंदी 13 तारखेपर्यंत वहीत होत्या, पुढच्या 15 तारखेच्या सकाळी 9 पर्यंत पाटीवर. काय होतं त्यांत? वारा, तापमान, हवेचा दाब. रडणं नाही, प्रार्थना नाही. आणि आपला साहेब गप्प गप्प आहे, असं साहेबच वाचणार असलेल्या सरकारी वहीत हाताखालचा माणूस कशाला लिहील?

समुद्र शांत होता म्हणे! दीपगृहांचे अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड यांनी पश्चिमेच्या धक्क्याची पाहणी केली. समुद्रापासून 110 फुटांवर, म्हणजे साधारण अकराव्या मजल्याच्या उंचीवर, कपारीत दोरांची पेटी ठेवलेली असे. ती गायब. लोखंडी कठडे वाकलेले, टनभर वजनाचा दगड जागचा हललेला. 200 फुटांवर कड्याच्या काठची हिरवळसुद्धा उपटून निघालेली. म्यूरहेड यांचा निष्कर्ष साधा होता: 15 तारखेला दुपारी तिघे ती पेटी बांधायला खाली गेले आणि एका प्रचंड लाटेने त्यांना ओढून नेलं. डुकॅट आणि मार्शल समुद्री बूट चढवून गेले होते. मॅकआर्थरचा कोट मात्र खुंटीलाच होता. तो घाईत धावला असावा, असं मला वाटतं. पण हा माझा तर्क.

राहिला शाप. हे काही जुनाट, झपाटलेलं बांधकाम नव्हतं. डेव्हिड अ‍ॅलन स्टीव्हन्सन यांनी आखलेला हा 23 मीटरचा मनोरा 1895 ते 1899 मध्ये बांधला गेला आणि 7 डिसेंबर 1899 रोजी पेटला. दुर्घटनेच्या वेळी तो जेमतेम वर्षाचा होता. दगड, तेल, सगळं काही बोटीतून थेट 45 मीटरच्या कड्यावर ओढून घ्यावं लागे. धक्के, पायऱ्या आणि सामानाचे रूळ धरून 6,914 पौंड खर्च आला. लाटांच्या माऱ्यात असलेले ते धक्के हाच तिथला खरा धोका होता.

आणि शापित बेटावर रखवालदार पुढे 1971 पर्यंत राहिले, दिवा स्वयंचलित होईपर्यंत.